बिल्ल्याचे यंत्र आणि त्याच्या वाट्या

बिल्ला ही वस्तू आपल्यापैकी कोणालाच परकी नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वयंसेवक मुलांच्या खिशावर तो असतो. निवडणुकीत कार्यकर्त्याच्या छातीवर असतो. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबासाहेबांच्या चित्राचे बिल्ले हारीने मांडलेले असतात. पत्र्याचा एक गोल, त्यावर चित्र, चित्रावर चकचकीत पारदर्शक पापुद्रा आणि पाठीमागे टाचणी. एवढ्याशा वस्तूवर रेडिओवरून भाषण ते काय करायचे, असे कोणी म्हणेल. मीही दोन वर्षांपूर्वी तसेच म्हणालो असतो. परंतु या एवढ्याशा वस्तूपायी आमच्या पनवेल तालुक्यातल्या एका खेड्यात अकरा बायकांच्या बचत गटाचे पैसे अडकून पडले, आणि त्याला सल्ला माझा कारणीभूत होता. तेव्हा हे भाषण म्हणजे थोडेसे प्रायश्चित्तही आहे.

गटाची हकिकत पुढे येईलच. आधी बिल्ला तयार कसा होतो ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय नुकसान कशाने झाले ते कळणार नाही.

आपल्या घरातल्या बायका पोलक्याला किंवा उशीच्या अभ्र्याला कापड मढवलेली बटणे लावतात. शिंपीसामानाच्या दुकानात आपण त्याच कापडाचा तुकडा नेऊन देतो. दुकानदार त्यातून एक गोल चकती कापतो, ती पत्र्याच्या छोट्या टोपीवर ठेवतो, हातयंत्राच्या खोबणीत घालून दांडा खाली ओढतो, मागचा भाग बसवून पुन्हा ओढतो, की बटण तयार. कापडाच्या कडा आत गेल्या, टोपी आणि पाठ एकमेकांत अडकली, आता ती सुटायची नाहीत. बिल्ला म्हणजे याच बटणाचा थोरला भाऊ. इंग्रजीत तर त्याला बटणच म्हणतात. अमेरिकेत न्यूजर्सी संस्थानातील न्यूअर्क गावच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ च्या सुमारास अशा बिल्ल्याचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी तेथे मॅकिन्ले आणि ब्रायन यांची अध्यक्षपदाची निवडणूक झाली व उमेदवारांच्या तसबिरींचे बिल्ले अफाट संख्येने वाटले गेले. त्या वेळी वरचा पापुद्रा सेल्युलॉइडचा असे, आता तो पॉलिएस्टरचा असतो. बाकी रचना तीच राहिली आहे.

बिल्ल्याचे चार भाग. पहिला, वरचा फुगीर पत्रा. दुकानात त्याला शेल म्हणतात, मी त्याला वाटी म्हणेन, कारण तो पालथ्या वाटीसारखा दिसतो. दुसरा, छापील चित्राची कागदी चकती. तिसरा, पारदर्शक फिल्म. चौथा, टाचणी बसवलेली पाठ. यंत्रात खाली दोन खोबण्या असतात व वर एक दट्ट्या. पहिल्या खोबणीत वाटी, तिच्यावर चित्र, चित्रावर फिल्म, अशी रास ठेवून दांडा ओढला की हे तिन्ही भाग वरच्या दट्ट्यात अडकून वर उचलले जातात. खाली पाहावे तर खोबणी रिकामी! प्रथमच पाहणाऱ्याला वाटते, माल गेला कोठे? मग दुसऱ्या खोबणीत पाठ ठेवून ती दट्ट्याखाली आणायची आणि पुन्हा दांडा ओढायचा. या वेळी कागद व फिल्म यांच्या बाहेर राहिलेल्या कडा आत वळतात, वाटीची कड पाठीभोवती आवळली जाते आणि बिल्ला बाहेर पडतो.

यात डिंक नाही, डाग नाही, स्क्रू नाही. चार पातळ वस्तू केवळ मापाच्या नेमकेपणावर एकमेकींना धरून राहतात. वाटी आणि दट्ट्याची भिंत यांमध्ये जी फट असते, तिच्यात कागद आणि फिल्म एवढेच मावले पाहिजे. फट जास्त झाली तर वाटी उचललीच जात नाही. कमी झाली तर सगळे आत ठेचले जाऊन यंत्र जाम होते. म्हणजे इथला हिशेब मिलिमीटराच्या दशांशांचा आहे. रुपये-आण्यांच्या काळातली आपली जुनी माणसे म्हणायची तसा, जवा-तिळाचा.

आता मुख्य घोटाळा सांगतो. हे बिल्ले नंबरावर विकले जातात. २५, ३२, ३७, ४४, ५८, ७५ असे ते नंबर. आपल्याकडे शाळा-मंडळांत सर्वांत जास्त खपतो तो ५८. हा आकडा म्हणजे तयार झालेल्या बिल्ल्याच्या दर्शनी बाजूची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ती वाटीची रुंदी नव्हे, पाठीची नव्हे, कागदाचीही नव्हे. ५८ च्या बिल्ल्याला साधारणपणे ७० मिलिमीटर व्यासाची कागदी चकती लागते. म्हणजे चारी बाजूंनी सहा-सहा मिलिमीटर कागद कडेवरून वळून पाठीखाली जातो.

याउलट अमेरिकेत प्रचलित असलेला बिल्ला सव्वादोन इंची. सव्वादोन इंच म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. दोन बिल्ले शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसणारसुद्धा नाही. पण त्या सव्वादोन इंचीची कागदी चकती असते दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंचाची, म्हणजे ६६.७ मिलिमीटरची. चेहऱ्यात फरक एका मिलिमीटराहूनही कमी आणि कागदात फरक तीन मिलिमीटराहून अधिक! कारण वाटीची खोली वेगळी, कड वळवण्याची रीत वेगळी, पाठीचा घेर वेगळा. एकाच्या वाट्या दुसऱ्याच्या यंत्रात चालतील ही आशाच करू नये. आणि हे झाले इंच आणि मिलिमीटर या दोन घराण्यांचे. एकाच ५८ नंबराची दोन कारखान्यांतली यंत्रेही पुष्कळदा एकमेकांच्या वाट्या घेत नाहीत. नंबर एक, साचे निराळे.

हे मला आधी ठाऊक असते तर बरे झाले असते. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरामुळे त्या गटाशी माझी ओळख झाली. पापड-मसाले सर्वच गट करतात, तुम्ही बिल्ल्यांचे यंत्र घ्या, असे मीच सुचवले होते. त्यांनी साठवलेल्या पैशांतून यंत्र घेतले, आणि चार-पाच महिने काम झकास चालले. कबड्डीचे सामने, शाळांची संमेलने, ग्रामपंचायतीचा १५ ऑगस्ट. मग एका हायस्कुलाच्या सुवर्णमहोत्सवाची सहाशे बिल्ल्यांची मागणी आली. घरात वाट्या उरल्या होत्या जेमतेम अडीचशे. यंत्र विकणाऱ्याकडून नवा माल यायला आठ-दहा दिवस लागणार होते, आणि समारंभ पाच दिवसांवर. मी शनिवारी मुंबईला जाणारच होतो. म्हटले, मी आणतो.

क्रॉफर्ड मार्केटाजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात असल्या सामानाची दुकाने आहेत. एका दुकानात चौकशी केली. शेठनी विचारले, "कितना नंबर?" मी म्हटले, "अठ्ठावन्न." त्यांनी खोका पुढे केला, खोक्यावर ५८ छापलेले होते. दर नेहमीपेक्षा कमी होता. एक हजार संच साडेचार हजार रुपयांना घेतले आणि मोठा पराक्रम केल्याच्या थाटात पनवेलच्या गाडीत बसलो.

संध्याकाळी गटाच्या खोलीवर यंत्र मांडले. पहिला दांडा ओढला, दट्ट्या वर गेला आणि वाटी खालीच राहिली. नुसते चित्र सुरकुतून वर गेले. पुन्हा केले. तिसऱ्या वेळी वाटी कशीबशी वर गेली, पण पाठ बसवताना दांडा मध्येच अडला. गटाच्या अध्यक्षा वयाने मोठ्या, आम्ही सर्वजण त्यांना आक्का म्हणतो. त्या म्हणाल्या, "सर, जोर लावू नका. जात्यात खडा आला तर आपण जातं फिरवत नाही." पण तोवर मी जोर लावला होता. दट्ट्याची स्प्रिंग वाकली आणि खालच्या पाटाचा एक बोल्ट तुटला.

दुसऱ्या दिवशी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून सहकाऱ्याकडून व्हर्नियर कॅलिपर मागून घेतला. जुनी वाटी मोजली, नवी मोजली. नवी वाटी पाऊण मिलिमीटरने लहान निघाली आणि खोलीलाही कमी. पाऊण मिलिमीटर! नखाची जाडीही त्याहून फार कमी नसेल. आणि सहाशे कागद तर सत्तर मिलिमीटरच्या मापाने आधीच कापून ठेवलेले. ते या लहान वाटीला मोठे पडत होते, म्हणून कडेला चुण्या होऊन यंत्र अडत होते.

तुटलेल्या बोल्टाने आणखी एक धडा दिला. पनवेलच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने विचारले, "दोन सुती देऊ की सहा एमएम?" आपल्याकडे अजूनही सुताचा हिशेब चालतो. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. मी म्हटले, जवळजवळ सारखेच की! तो हसला आणि म्हणाला, "दोन आटे बसंल गुरुजी, तिसऱ्याला रडंल." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टाला इंचात वीस आटे असतात, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर १.२७ मिलिमीटर. सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टात ते बरोबर १ मिलिमीटर असते. शिवाय आट्याचा कोनही वेगळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. जबरदस्तीने पिळला तर बोल्ट जातो, आणि ज्यात बसवायचा ते भोकही कायमचे जाते.

या व्हिटवर्थची गोष्ट शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे. जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्लंडमधला यंत्र बनवणारा कारागीर. त्याच्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्यातला बोल्ट हरवला तर दुसऱ्या कारखान्यातला बसत नसे. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, त्यांचा मध्यम काढला आणि १८४१ साली सर्वांनी एकच माप पाळावे अशी सूचना इंजिनियरांच्या संस्थेपुढे मांडली. सर्वांनी आपापला हट्ट थोडाथोडा सोडला तर सर्वांचेच काम सोपे होते, एवढीच त्यातली युक्ती.

आम्हां पनवेलकरांना ही गोष्ट अधिक जवळची वाटायला हवी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलच्या बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांनी घाटावर जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपिरियल गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाके बनवणे हाच नोंदलेला आहे. आता विचार करा, सुतार चाक कसे करी? तुंबा, आरे, पुठ्ठे, वरून लोखंडी धाव. तुंब्याचे भोक त्या गाडीच्या आसाला घासून, लावून, पुन्हा घासून जुळवायचे. ते चाक त्या आसाचे. ही 'जोडीने बसवण्याची' कारागिरी. तिच्यात कमीपणा काही नाही. उलट कसब फार. पण चाक मोडले तर गाडी घेऊन सुताराच्या दारी जावे लागे. याच्या उलट 'मापाने बसवण्याची' रीत. तिथे भाग आधी माप पाळून तयार होतो आणि कुठल्याही जोडीदाराला बसतो. तुमच्या घरातला खुंट्यांचा दिव्याचा बल्ब घ्या. त्याच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर ठरलेला आहे, म्हणून कोणत्याही गावच्या दुकानातून कोणत्याही कंपनीचा आणा, होल्डरात बसतो. घरगुती शिलाई यंत्राची सुईही तशीच. दांड्याची एक बाजू चपटी असलेली ती सुई बहुतेक सर्व घरगुती यंत्रांत चालते. पण कारखान्याच्या यंत्राची गोल दांड्याची सुई घरच्या यंत्रात घालून पाहा, चालायची नाही.

बिल्ल्याच्या यंत्राची गंमत अशी की, ते बाहेरून मापाने बसणाऱ्या वस्तूसारखे दिसते आणि आतून चाका-आसासारखे जोडीचे असते. नंबर पाहून आपण त्याला बल्ब समजतो. इथे बल्बासारखे सर्वांनी मानलेले माप रूढ झालेले नाही. यात दुकानदार फसवतो असे मी म्हणणार नाही. माझ्या खोक्यावर ५८ लिहिले होते आणि त्यातल्या वाटीचा बिल्ला योग्य यंत्रात ५८ च्या आसपासच झाला असता. पण एवढे मात्र म्हणेन, की यंत्र एकदाच विकले जाते आणि वाट्या जन्मभर विकल्या जातात. गिऱ्हाईक आपल्याच वाट्यांना बांधलेले राहावे असे यंत्र करणाऱ्याला वाटले तर त्यात नवल नाही. नवल एवढेच की घेणारा हे विचारतच नाही.

तेव्हा विचारायचे काय? यंत्र घेताना किंमत विचारण्याआधी हे विचारा की याच्या वाट्या, पाठी आणि फिल्म कोण कोण देतो. एकच जण देत असेल तर तो बंद पडल्यावर यंत्र शोभेचे होईल. कागद कापायचा कटर यंत्राच्या जोडीचाच घ्या व चकतीचे माप पुस्तिकेत लिहिलेले आहे का ते पाहा. आरशाची किंवा लोहचुंबकाची पाठ बसवायची असेल तर आधीच सांगा, त्यांची जाडी वेगळी असल्यामुळे काही यंत्रांना त्यासाठी निराळा साचा लागतो.

नवा माल घेताना जुनी वाटी आणि जुनी पाठ खिशात घेऊन जा. आमच्या आक्का आता पिशवीला दोरीने बांधून नेतात. वाट्या एकीत एक घालून पाहिल्या तर ढोबळ फरक कळतो, पण खरे माप व्हर्नियरवर. इथे शिक्षकमंडळींना माझी विनंती आहे. तुमच्या हायस्कुलाच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या कपाटात व्हर्नियर कॅलिपर असतो, तो दशांश मिलिमीटरपर्यंत माप देतो. पत्र्याची जाडी पाहायची तर शेजारीच स्क्रू गेज असतो, तो शतांशापर्यंत जातो. वर्षातून एकदा परीक्षेपुरती लाकडी ठोकळी मोजण्यापेक्षा मुलांना गावातल्या गटाच्या वाट्या मोजू द्या. एक वाटी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावी, कारण प्रवासात दबून ती लांबट झालेली असू शकते. खोक्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या अशा निदान पाच वाट्या मोजाव्या. व्यास, खोली, पाठीचा व्यास हे तीन आकडे वहीत लिहून ठेवले की पुढच्या खरेदीला तोच आधार.

मोजल्यावरही पाच बिल्ले करून पाहिल्याखेरीज शंभराचा माल घेऊ नये. तयार बिल्ला हातात घेऊन अंगठ्याने मध्यभागी दाबावा, कानाजवळ हलवून पाहावा. आत खुळखुळ वाजले किंवा पाठ फिरली तर कड नीट आवळलेली नाही. वाटी वर उचलली गेली नाही तर वाटी लहान आहे किंवा कागद-फिल्म जरुरीपेक्षा पातळ. दांडा अडला तर कागद जाड, चकती मोठी, किंवा दोन वाट्या एकमेकींना चिकटून गेल्या आहेत. ही शेवटची चूक फार होते, वाट्या तेलकट असल्या की जोडीने निघतात. कागद साधा छपाईचा, ८० ते १०० ग्रॅमचा बरा. लग्नपत्रिकेचा जाड कागद सुंदर दिसतो आणि यंत्र अडवतो. फिल्म संपली म्हणून लॅमिनेशनचा कागद कापून घालण्याचा मोह आवरावा. आणि दांडा अडला तर, आक्कांचे जात्याचे वाक्य आठवावे.

त्या सुवर्णमहोत्सवाचे काय झाले, असे आपण विचाराल. मिस्त्रीने स्प्रिंग सरळ करून दिली, सहा मिलिमीटरचा बोल्ट घातला, आणि जुन्या वाट्यांत दोनशे चाळीस बिल्ले झाले. ते पाहुणे, माजी विद्यार्थी आणि शिक्षक यांना पुरले. स्वयंसेवक मुलांसाठी बायकांनी रात्रभर बसून रिबिनीची फुले केली व मधोमध छापील चकती चिकटवली. मुख्याध्यापक समजूतदार होते, त्यांनी फुलांचेही पैसे दिले, बिल्ल्याच्या दराने अर्थातच नाही. मुंबईच्या शेठनी फोडलेला खोका परत घेतला नाही, आणि ते त्यांच्या पावतीवर लिहिलेलेच होते. मीच वाचले नव्हते. त्या हजार वाट्या गटाच्या खोलीत फळीवर चार महिने पडून राहिल्या. मग पेणला एका फोटोवाल्याकडे दुसऱ्या बनावटीचे यंत्र असल्याचे कळले. आक्का दोन वाट्या घेऊन एसटीने गेल्या, त्याच्या यंत्रात पाच बिल्ले करून पाहिले, पाचही ठणठणीत निघाले. सव्वीसशे रुपयांना माल गेला. उरलेला तोटा मी भरून देतो म्हटले, तर गटाच्या बैठकीत त्यावर मत घेण्यात आले आणि अर्धा तोटा माझ्याकडून घ्यायचे ठरले. अर्धाच का, असे मी विचारले, तेव्हा आक्का म्हणाल्या, "मापून बघायचं आमच्याही डोक्यात आलं नव्हतं ना, सर."

आता त्यांच्या फळीवर प्रत्येक खोक्याला एक वाटी चिकटपट्टीने डकवलेली असते आणि खाली शाईने तीन आकडे लिहिलेले असतात. शेवटचे दोनशे संच उरले की नव्या मालाचे पैसे पाठवायचे, असा गटाचा नियम आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गावच्या गटाने त्यांना फोन केला की आमच्याकडे स्वस्तात वाट्या आल्यात, नंबर अठ्ठावन्न, पाठवू का? आक्कांनी सांगितले, "आधी एक पाठवा पाकिटातून. पोराकडून मोजून घेते, मग सांगते."